ओटीतले चार दाणे

“परत जावे की न जावे?”

हा प्रश्न मथुराअक्कांपुढे मी मांडला, केशरने नव्हे. या प्रसंगातील माझा वाटा प्रथमच सांगते. केशर जगदाळे हिला शाळेत मी शिकवले, तिच्या पुस्तकाची मुद्रिते मी तपासली आणि तिला अक्कांच्या मठीत मीच घेऊन गेले.

मठी कृष्णाकाठी, कानडी मुलखात आहे. अक्कांनी ओव्या रचल्या आणि त्यांखाली स्वतःचे नाव घातले, म्हणून त्यांच्या संप्रदायाने त्यांना तरुणपणीच बाहेर काढले. आसपास मराठी वाचणारे कोणी नाही. अक्का आजही मराठीतच लिहितात.

अक्का सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“कुणाला परत जायचंय?”

“मला,” केशर म्हणाली. “माहेरी.”

“कोण अडवतंय?”

“गाव. वाळीत टाकलंय मला.”

“काय केलंस?”

“लिहिलं.”

अक्कांनी तेव्हा कुठे मान वर केली.

“बस,” त्या म्हणाल्या.

केशर बसली. तिचा कणा शाळेत असतानाही असाच ताठ असे.

“आमच्या गावच्या विहिरीवर सुनांचे पाय घसरतात, अक्का. फक्त सुनांचे. लेकींचे नाही, सासवांचे नाही. पुस्तकात त्याचं एक प्रकरण आहे. गेलेल्या प्रत्येकीचं नाव घालून लिहिलंय.”

बाहेरच्या ओट्यावर केशरचे चुलते शंकरराव बसले होते. गावाचा निरोप घेऊन तेच आले होते; आम्हांला जीपमधून मठीपर्यंत त्यांनीच आणले. मात्र संप्रदायाने बाहेर काढलेल्या बाईच्या मठीत पाणी घ्यायचे नाही, म्हणून ते उंबऱ्याच्या आत आले नव्हते.

ते तिथूनच बोलले, “गाव मोठ्या मनाचं आहे, अक्का. दुसरी आवृत्ती निघतेय म्हणे. त्यातनं तेवढं एक प्रकरण काढावं आणि यात्रेला खुशाल यावं. आई थकलीय हिची. दाराकडं बघत बसते.”

“काढावं कोणी?” मी विचारले. वाक्यात कर्ता नसला की जबाबदारीही नसते, हे मी आयुष्यभर शिकवत आले.

“हिनंच की, मास्तरीणबाई! लिहिलं हिनं, आणि काढायला काय तलाठ्याला बोलवू?”

अक्का हसल्या. “पुस्तकानं गावाचं नुकसान फार झालं का हो?”

“झालं तर! सुना आता एकट्या पाण्याला जात नाहीत. जोडीनं जातात. सासूनं जरा आवाज चढवला की म्हणतात, ‘केशरवन्सं लिहितील हं!’ आता बोला. घरं कशी चालायची?”

“अवघड आहे,” अक्का गंभीरपणे म्हणाल्या आणि एक खडा वेचून बाजूला टाकला.

केशरला हसू आले नाही.

“अक्का, मी घाबरून आलेली नाही. मला सल्लाही नको. एकच प्रकरण जाईल, बाकीचं पुस्तक राहील. आणि मला आई दिसेल. तुम्ही फक्त ‘हो’ म्हणा.”

“माझ्या ‘हो’नं काय होणार?”

“तुम्हांलाही घालवून दिलं होतं. तुमचा ‘हो’ असला, तर मला स्वतःची लाज वाटणार नाही.”

अक्कांनी सुपातला आणखी एक खडा वेचला.

केशरनेच पुन्हा विचारले, “तुम्हांला कधी परत बोलावलं नाही?”

“बोलावलं. ओव्यांतलं नाव काढ आणि ये, म्हणाले.”

“नाही गेलात. पस्तावा होतो?”

“रोज.”

या उत्तराची अपेक्षा केशरला नव्हती. मलाही नव्हती.

“सकाळी होतो,” अक्का म्हणाल्या. “मग लिहायला बसते.”

त्यांनी सूप खाली ठेवले.

“माहेरहून निघालीस, तेव्हा ओटी कोणी भरली?”

केशरचा चेहरा उतरला. “हाकलून दिलेलीची ओटी कोण भरतं, अक्का? त्यातून मी विधवा.”

“ऊठ. पदर पसर.”

“अक्का, विधवेची...”

“पदर.”

ओट्यावर शंकरराव मोठ्याने खाकरले. “हे काही रीतीला धरून नाही!”

“नाही,” अक्का म्हणाल्या.

केशर उठली. तिने पदर पसरला. अक्कांनी देवापुढचा नारळ आणि हळकुंड त्यात ठेवले आणि निवडलेले तांदूळ ओंजळीने घातले. तिच्या आईने घातले असते तसेच, सावकाश.

...

मग केशरच्या हाताने सवयीने जे केले, ते आमच्याकडची प्रत्येक लेक निघताना करते. तिने पदरातले चार दाणे उचलले आणि अक्कांच्या सुपात परत ठेवले.

“हे काय?” अक्कांनी विचारले.

“रीत आहे. ओटी भरली की त्यातलं थोडं त्या घरी ठेवून जायचं. घराची बरकत राहते.”

“ते दाणे परत घे.”

“छे!”

“घे म्हणते ना.”

“नाही हो, अक्का. ठेवलेलं परत घेत नाहीत. घेतलं तर घर...”

ती थांबली.

तिने सुपाकडे पाहिले. मग उंबऱ्यापलीकडे, शंकररावांकडे.

...

“आप्पा,” ती चुलत्यांना म्हणाली, “सुना जोडीनं जातात म्हणालात ना पाण्याला?”

“जातात की. तेच तर सांगतोय मघापासून.”

“जाऊ देत. गावात ठेवून आले, ते मी परत घेत नाही.”

तिने पदराची गाठ घट्ट बांधली. तिला मी शिकवले आहे, हे त्या क्षणी साऱ्या जगाला ओरडून सांगावे, असे मला वाटले. मी चष्मा पुसला.

तिथेच निर्णय झाला. प्रकरण जसेच्या तसे राहील. त्यातील एकही नाव गाळले जाणार नाही. दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितेही मीच तपासेन. केशरने होकार दिला, मी दिला. शंकररावांनी दिला नाही. मात्र आपल्या पदरचा एकही शब्द न घालता हा निरोप गावाला सांगण्याचे त्यांनी मान्य केले.

ते जीपपर्यंत गेले आणि परत आले. या वेळी उंबऱ्याच्या अगदी जवळ उभे राहिले. आवाज खाली आला होता.

“गावाला सांगेन. पण वहिनीला काय सांगू? मी पोचताच ती पहिल्यांदा लेकीचंच विचारील.”

अक्कांनी सूप पुन्हा मांडीवर घेतले.

“सांगा, लेकीची ओटी भरली.”