नालबंदाच्या माळावरचं घुंगरू

आवडीने कुदळ आपटली आणि ती मटकन खाली बसली. पुन्हा नाल! सकाळपासून जिथे खणावं तिथे नाल, नाहीतर खिळा. हात लाल मातीने माखले होते, तळव्यांना फोड आले होते आणि पोटात कालपासून अर्ध्या भाकरीपलीकडे काही गेलं नव्हतं.

आवडीचे बाबा नालबंद होते. राजाच्या घोड्यांना ते याच लाल माळावर नाल ठोकायचे. किती घोडे आले आणि नवे नाल घालून टपटप निघून गेले! जुने नाल आणि वाकडे खिळे मात्र सगळे इथेच पडले आणि मातीत रुतले. बाबांनी जुन्या चांदीच्या नाण्यांचं एक गाडगंही इथेच पुरलं होतं. आजारी पडले तेव्हा ते आईला म्हणाले, "घोर लावून घेऊ नकोस. मी खूण ठेवली आहे. वर नाल दिसेल, तिथं खण." आणि मग ते देवाघरी गेले.

आता काय म्हणावं या माणसाला! साऱ्या जगात एवढ्या वस्तू असताना नालबंदाने आपल्या माळावर खूण ठेवली ती नालाची!

गाडगं सापडलं तर एक म्हैस घेता येणार होती आणि दूध विकून मायलेकींचं भागणार होतं. नाही सापडलं तर उद्या सकाळी आई दूरच्या नगरात कुणाकडे दळणकांडण करायला जाणार होती, आणि आवडीला जायचं होतं मावशीकडे. आईशिवाय! म्हणून ती पुन्हा उठली.

समोर एक नाल अर्धा वर डोकावत होता. त्याच्यावर गुंजेचा इवलासा वेल चढला होता, हिरव्या पानांचा, लालचुटूक मण्यांचा. इथे खणलं तर वेल तुटणार. आवडीने सुस्कारा सोडला, वेल हळूच सोडवून बाजूच्या काठीवर चढवला आणि मगच कुदळ घातली. खाली काही नव्हतं.

"वा गं पोरी!" असा बारीकसा आवाज आला. एक लाल मणी टचकन उमलला आणि त्यातून बोटाएवढी परी बाहेर आली. तिचे पंख लालचुटूक, कडेला काळी नक्षी, आणि अंगावर सोनेरी चमचम. "माझं घर जपलंस. मी गुंजपरी. तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन. पण नियम ऐक. इच्छा एकदा मागितली की परत घेता येत नाही. आणि हरवलेली वस्तू मी हातात आणून देत नाही. ज्याची त्यानेच शोधायची."

"म्हणजे गाडगं दे म्हणायचं नाही? उद्या आई जाणार गं!" आवडी हिरमुसली.

"नाही म्हणजे नाही."

आवडीने डोकं खाजवलं. "बरं, परीताई. मातीखाली धातू असला की वाजेल असं काहीतरी दे."

परीने टिचकी वाजवली. एका निळ्याशार काठीच्या टोकाला चिमुकलं रुपेरी घुंगरू लटकू लागलं. आवडीने काठी जमिनीवर धरली. छुम! तिने खणलं. खिळा. मागे भिरकावला. छुम! नाल. तोही मागे. छुम छुम छुम! खिळा, खिळा, तुटकी कडी. वाजायचं थांबेल तर शपथ! जिथे काहीच नव्हतं तिथेही नुसत्या लाल मातीवर ते किणकिणत राहिलं, कारण माळाच्या मातीतच लोखंड मिसळलेलं होतं.

"अगं बाई, कटकट नुसती!" परीने दोन्ही कान झाकले. "कसला हा माळ!"

"मला विचारतेस?" आवडी चिडून म्हणाली. "बाबांना विचार! परीताई, दुसरी इच्छा. लोखंडाला आणि या मातीला हे घुंगरू वाजू देऊ नकोस."

टिचकी वाजली आणि घुंगरू गप्प झालं. अगदीच गप्प! आवडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली, परत आली, पुन्हा फिरली. घुंगरू ढिम्म. ऊन कलायला लागलं. आवडीला वाटलं, ती काठी नेऊन विहिरीत टाकावी.

"मोडलं की काय?" परी पंख फडफडवत घुंगराभोवती फिरली. "आजवर असं कधी झालं नाही बाई! शंभर मुलांच्या इच्छा पुऱ्या केल्या, पण एवढा वैताग कुणी दिला नाही."

तेवढ्यात मागून केविलवाणं ओरडणं ऐकू आलं. तातोबा कुंभार माती आणायला रोज माळावरच्या याच वाटेने जात. त्यांच्या गाढवीचं करडं, मऊ मऊ शिंगरू, तीन पायांवर थरथरत उभं होतं. चौथ्या पायात लांब खिळा खोल घुसला होता.

"कुणी गं टाकले हे खिळे वाटेवर?" तातोबा कळवळून ओरडले. "काल तर इथं वाट साफ होती!"

आवडी पांढरीफटक पडली. "मीच, तातोबाकाका. खणून मागे फेकत होते. बघितलंच नाही."

"काय करून बसलीस पोरी!" तातोबांनी डोक्याला हात लावला.

आवडीने खुराला हात लावून पाहिलं. नालबंदाची लेक ती. खिळा खुराच्या जिवंत भागात गेला की जनावर जन्माचं लंगडं होतं, हे तिला ठाऊक होतं. ती परीकडे वळली. "परीताई, याचा पाय बरा कर."

"ही शेवटची इच्छा!" परी ओरडली. "आई उद्या जाणार आहे ना? नीट विचार कर गं!"

"केला. आई माझी जाईल, पण याचा पाय माझ्यामुळे गेला आहे. कर ना लवकर!"

टिचकी वाजली. खिळा गळून पडला, जखम मिटली. शिंगरू दोनदा उडालं, आवडीची ओढणी चघळली आणि आईमागे दुडुदुडु पळालं. तातोबांनी आवडीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते गाढवांमागे गेले.

आता इच्छा संपल्या. आवडी थोडा वेळ हमसून हमसून रडली. मग नाक पुसून उठली आणि टोपली घेऊन एकेक खिळा वेचू लागली.

"आता हे कशाला?" परीने वैतागून विचारलं.

"उद्या मी इथे नसेन. मग दुसऱ्या कुणाच्या पायात घुसायला नको." तिने फेकलेले खिळे वेचले. मग मातीतून टोकं वर आलेले वेचले, मग बोटांनी उकरून खालचेही काढले. टोपली जड झाली. काठी तिने काखेत धरली होती, टाकून द्यायचंही सुचलं नव्हतं. एका जागी नालांचे थरावर थर लागले. ती पुटपुटत, बाबांना बोल लावत एकेक नाल उपसत गेली. शेवटचा नाल निघाला.

छुम!

आवडी दचकली. परी दचकली. छुम, छुम, छुम! घुंगरू नाचू लागलं.

"अगं, घुंगरू मोडलंच नव्हतं!" परी टाळ्या पिटत म्हणाली. "वरचं लोखंड खालच्या चांदीचा आवाज दाबून टाकत होतं. तू ते उपसलंस म्हणून ऐकू आलं. माझ्या जादूला जमलं नाही ते तुझ्या हातांनी केलं!"

आवडीने दोन्ही हातांनी माती दूर केली. गाडगं! तोंडाला बांधलेलं फडकं फाडलं तर आत नाणी, शुभ्र, गोल, चकचकीत.

परी तिच्या नाकावर येऊन बसली. "दमवलंस गं मला," ती म्हणाली आणि हळूच पापी घेऊन वर उडाली. लाल, सोनेरी, केशरी उजेड सगळ्या माळावर सांडला आणि त्या उजेडात ती विरून गेली.

तेवढ्यात आई तिला शोधत आली. आवडीने गाडगं आईच्या ओटीत ठेवलं आणि आईच्या कमरेला घट्ट मिठी मारली. आईने आत पाहिलं. मग ती रडत, हसत, डोळे पुसत म्हणाली, "चल आवडे, मावशीला निरोप धाडू. म्हणावं, आमची आवडी आता कुठं जात नाही."