अळणी आमटी

“म्हणजे साठांमध्ये एकही नाही?” अप्पाजींनी विचारलं.

“एकही नाही,” डॉक्टर सबनीस म्हणाले. “मुलं मनानं ठणठणीत आहेत. तसं लिहून देतो.”

अप्पाजी मठाचे स्वामी. मठाच्या वसतिगृहात आठवी ते दहावीची साठ मुलं राहत. डॉक्टर पुण्याहून आले होते. या वयात मन बिघडू लागलं, तर त्याच्या पहिल्या खुणा कोणत्या, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. चाळीस प्रश्नांचा फॉर्म त्यांनी स्वतः तयार केला होता. त्यातून काहीही निसटत नाही, असं सकाळपासून ते तीनदा म्हणाले होते.

अप्पाजींनी चष्मा लावून फॉर्म चाळले.

“सगळ्यांची उंची पाच फूट दोन इंच?”

“...बघू.”

“आणि सगळ्यांच्या आया अंगणवाडीत?”

डॉक्टरांनी दोन-तीन फॉर्म उलटून पाहिले.

“ती मल्लिनाथची आई,” अप्पाजी म्हणाले. “वर्गात तो पहिला येतो. पोरांना परीक्षा वाटली असणार.”

डॉक्टरांनी फॉर्मचा गठ्ठा पिशवीत कोंबला.

“मग तुम्ही कसं ओळखता?” त्यांचा आवाज जरा चढला होता.

“पंगत बसलीय. चला.”

डॉक्टरांना पहिल्या ओळीत पाट मिळाला. भाकरी, भात, वाटीत आमटी. ताटात आज मीठ वाढलेलं नव्हतं.

आमटीतही नव्हतं.

“ओ इरण्णा!” पंगत उसळली. “आमटी हाय का तळ्याचं पाणी?”

“मीठ गावाला गेलं का काय!”

“इरण्णाचं लग्न ठरलं वाटतं!”

आचारी इरण्णा मान खाली घालून उभा राहिला. अप्पाजी मिठाचं वाडगं घेऊन ओळीतून फिरू लागले. जो ओरडेल त्याला चिमूटभर मीठ. मल्लिनाथ दोनदा ओरडला, त्याला दोन चिमटी.

तिसऱ्या ओळीच्या टोकाला ते थांबले. रेवणसिद्ध नावाचा नववीतला मुलगा खाली बघून जेवत होता. त्याची वाटी निम्मी झाली होती.

“आमटी कशी झालीय रे?”

“चांगली आहे, अप्पाजी.”

अप्पाजींनी वाडगं शेजारच्या मुलाच्या हातात दिलं.

“जरा सरक.”

ते त्याच्या पाटावर अर्धे टेकले. स्वतःसाठी वाटी मागवली आणि तीच आमटी मिठाशिवाय प्यायले. मग दोघं काहीतरी बोलत राहिले. पंगत उठली, मुलांनी आपापली ताटं घासली, तरी दोघं तिथंच. मध्येच मुलानं बाहीनं नाक पुसलं.

डॉक्टर अजून आपल्या ताटासमोरच बसून पाहत होते. त्यांनी खिशातून वही काढली.

बऱ्याच वेळानं अप्पाजी त्यांच्याकडे आले.

“तुमचा आचारी नेहमी मीठ विसरतो?”

“मी सांगतो तेव्हाच.”

डॉक्टरांचं पेन थांबलं.

“त्या मुलाला झालंय काय?”

“अजून नाही कळलं. आता रोज त्याच्याजवळ जेवेन. सांगेल कधीतरी.”

“कमाल आहे! आम्ही चाळीस प्रश्न विचारायचे, आणि तुमचं एका आमटीत भागतं.” डॉक्टर हसत लिहू लागले. “खूण पहिली... तक्रार करत नाही.”

अप्पाजी त्यांच्या ताटाकडे बघत होते. वाटी चाटूनपुसून स्वच्छ होती. इरण्णानं आग्रह केला, तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्यांदाही घेतली होती.

“तुम्हीही काही बोलला नाहीत.”

“माझं काय हो! उगाच आपल्यामुळं कुणाला त्रास कशाला, म्हणून...”

“तोही हेच म्हणाला.”

डॉक्टर हसले. मग हसू तसंच राहिलं. पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.



“जरा सरका,” अप्पाजी म्हणाले.