पत्र्याच्या गाडीतले उतारू

घाटाच्या पायथ्याशी एक पेठेचे गाव होते. त्या पेठेत नागेशशेठ नावाचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे व्यापारी राहत. माणूस सज्जन, पण वस्तू जपण्याच्या बाबतीत जगावेगळा. नवी छत्री खराब होईल म्हणून ती काखेत धरून भिजत जाणारा.

त्यांच्याकडे लहानपणची एक चावीची आगगाडी होती. विलायती, पत्र्याची. लाल इंजिन, हिरवे डबे आणि डब्यांच्या खिडक्यांत रंगाने छापलेले उतारू. टोपीवाला साहेब, तान्हे मूल घेतलेली मडम, डुलक्या काढणारा शिपाई, असे कितीतरी. वडिलांनी ती नागेश आणि धाकटी मथुरा या दोघांना मिळून आणली होती. चावी पिळली की गाडी गोल रुळांवरून खडखडत पळे, तेलाचा वास सुटे आणि भावंडे जेवायची विसरत. वडील गेल्यावर नागेशशेठांनी ती काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. दर रविवारी ते तिला मऊ फडक्याने पुसत, तेल घालत, पण चालवत मात्र नसत. चालवली की झिजते, हा त्यांचा हिशेब.

मथुराताई शेजारच्या गल्लीत मुलासुनेकडे राहत. त्यांना काचबिंदू झाला. नजर हळूहळू जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा त्या भावाकडे आल्या आणि म्हणाल्या, "दादा, दिसतंय तोवर एकदा आपली गाडी पळताना बघू दे. आणखी काही मागत नाही."

नागेशशेठांना गलबलून आले. खरेच आले. पण हात काही कपाटाकडे जाईना. "हवा दमट आहे गं," ते म्हणाले. "रुळांना गंज धरेल. दिवाळीत लावू."

त्या रविवारी गाडी पुसताना त्यांना पहिल्या डब्यातली एक खिडकी रिकामी दिसली. साहेब नव्हता. रंग उडाला म्हणावे तर ओरखडा नाही. खिडकीत नुसता काळोख होता. त्यांनी गाडी उलटसुलट करून पाहिली, चष्मा पुसून पाहिला आणि वयाला दोष देऊन ती परत ठेवली.

दिवाळी आली. शेठजी म्हणाले, "घरात पोरांचा गोंधळ आहे, संक्रांतीला बघू." मडम बाळासकट नाहीशी झाली. संक्रांत आली. शेठजी म्हणाले, "स्प्रिंग जुनी आहे, जरा तेल मुरू दे." शिपाई नाहीसा झाला. मग तर रोजच एखादी खिडकी काळी पडू लागली. दुपारी घर शांत असले की कपाटातून कुजबुज येई, रखडलेल्या गाडीत बसलेली माणसे करतात तशी. एकदा त्यांना स्पष्ट ऐकू आले, "ही काही सुटत नाही. चला, उतरा."

कुणाला सांगावे तर लोक वेड्यात काढणार. शेठजींनी कपाटाला दुसरे कुलूप लावले. इकडे मथुराताई आधी भिंतीला धरून येत, मग सुनेच्या हाताला धरून येऊ लागल्या, आणि मग यायच्याच बंद झाल्या. शेठजींना त्याचे वाईट वाटे, आणि थोडे सुटल्यासारखेही वाटे.

एका दुपारी त्यांनी पाहिले तर सगळी गाडी रिकामी होती. फक्त शेवटच्या खिडकीत एक चेहरा होता. पांढऱ्या मिशा, गोल चष्मा. काचेत आपणच दिसतोय, असे वाटून ते बाजूला सरले. चेहरा हलला नाही. तो रंगाने छापलेला होता, आणि अख्ख्या गाडीत एकटा होता.

शेठजींच्या तोंडचे पाणी पळाले. गाडी आणि रूळ धोतराच्या सोग्यात घेऊन ते भर उन्हात अनवाणी बहिणीच्या घरी धावले.

मथुराताई ओसरीवर बसल्या होत्या. "दादा ना? ये," त्या म्हणाल्या, पण नजर भलतीकडेच होती. सून निर्मला हळूच म्हणाली, "मामा, आता त्यांना उजेडही कळत नाही." शेठजी मटकन खाली बसले आणि रडू लागले.

"रडतोस काय?" मथुराताई म्हणाल्या. "रूळ माझ्याभोवती मांड. लहानपणी मी मधेच बसायचे ना."

शेठजींनी रूळ जोडले, चावी पिळली. जुन्या तेलाने घट्ट झालेली चाके आधी हलेनात. मग गाडी सुटली. तो खडखडाट ऐकताच मथुराताईंचा चेहरा उजळला. त्यांनी रुळांशेजारी तळवा टेकला. "भरलेली आहे रे," त्या म्हणाल्या. "रिकामी गाडी अशी वाजत नाही."

शेठजी रुळांच्या बाहेर उभे राहून पाहत होते. काळ्या खिडक्या समोरून जात होत्या, आणि प्रत्येक फेरीला शेवटच्या खिडकीतून ते स्वतःच स्वतःकडे पाहत होते. "मथू, एकही माणूस नाही गं हिच्यात," ते कसेबसे म्हणाले.

"बाहेरून काय दिसणार तुला? आत ये."

शेठजी रूळ ओलांडून आत गेले आणि बहिणीच्या खांद्याला खांदा लावून बसले. गाडी वळून आली. साहेब, मडम, बाळ, शिपाई, सगळे आतल्या खिडक्यांत दाटीवाटीने बसले होते. सगळे मथुराताईंकडे पाहत होते. शेठजींकडे कुणीच पाहत नव्हते. पण शेवटच्या खिडकीत तो चेहराही आता नव्हता.

"कोण कोण आहे, सांग," मथुराताई म्हणाल्या.

शेठजी सांगू लागले. टोपीचा रंग, बाळाचे झबले, शिपायाची पेंग. चावी संपली की ते पुन्हा पिळत आणि पुन्हा सांगत. मथुराताई लहान मुलीसारख्या हसत होत्या. शेठजींनाही कित्येक वर्षांत असा आनंद झाला नव्हता. तरी प्रत्येक फेरीला एक गोष्ट त्यांना सलत राही. जे नुसते दाखवता आले असते, ते आता जन्मभर सांगावे लागणार होते.

तात्पर्य: झिजेल म्हणून आनंदाची वस्तू कुलपात ठेवू नये. वस्तू टिकते, पण ज्याच्या सोबतीने तो आनंद घ्यायचा, त्या माणसाची वेळ थांबत नाही.