साळुंकीचा महापूर

फार पूर्वी, बातम्या झाडावरून ओरडून सांगायच्या तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या रानात एक साळुंकी रोज सकाळी उंबराच्या शेंड्यावरून बातम्या द्यायची. एकदा तिने ‘महापूर’ म्हटलं आणि सगळ्यांच्या माना झटकन वर झाल्या. तेव्हापासून तिला त्या शब्दाची चटकच लागली.

“जाळीत करवंदांचा महापूर!” “माकडांच्या सभेत शिव्यांचा महापूर!” मुंगळ्यांकडे लग्न निघालं, तर तिथेही पाहुण्यांचा महापूर. हळूहळू माना वर होईनाशा झाल्या. म्हैस तर रवंथसुद्धा थांबवेना.

एका सकाळी साळुंकी धापा टाकत आली आणि खालच्याच फांदीवर टेकली.

“नदीचं पाणी वाढलंय,” ती म्हणाली. “उंदरांच्या बिळांत शिरलंय. टेकडीवर चला.”

इतकं साधं ती कधी बोललीच नव्हती. सगळ्यांची पाचावर धारण बसली. उंदरांना पाठीवर घेऊन म्हैससुद्धा धावत सुटली.

रात्रभर सगळे टेकडीवर कुडकुडत बसले. खाली बघायची कोणाची छाती होईना. उजाडताच वरून ओळखीचा खणखणीत आवाज आला, “टेकडीवर जनावरांचा महापूर!”

सशाने सुटकेचा निःश्वास टाकला.

“चला रे घरी,” तो म्हणाला, “पाणी ओसरलं.”