थंडोबाचं कुंड कढत कसं झालं

तीनदा सांगितलं. पाणी कढत आहे, पायरीवरनं हळू उतरा, उडी मारू नका. पण माझ्यावर विश्वास ठेवतंय कोण? मागच्या रविवारी वायनरी बघून आलेला एक पाहुणा, अर्धी चड्डी, काळा चष्मा, मला म्हणतो, "मावशी, पाटीवर तर थंडोबा लिहिलंय!" आणि मारली उडी. बाहेर आला तो भाजलेल्या वांग्यासारखा. वर मलाच विचारतो, आधी सांगायला काय झालं होतं!

म्हणून आता लिहूनच ठेवते. मी कढाणे गावच्या गुरवाघरची सून, शाळा चौथीपर्यंत. कुंडावर नारळ-फुलं विकते. आमच्याकडे तुम्ही द्राक्षाचे मळे बघता, वायनरीत ग्लास गोल गोल फिरवता, मग कुंडात पाय शेकायला येता. कुंडावर जो काळा खडक एका अंगाला कलंडलाय आणि ज्याच्यापुढं तुम्ही वाकडे उभे राहून फोटो काढता, तोच आमचा थंडोबा. देवाचं नाव थंडोबा आणि पाणी कढत, हे कसं, ते ऐका.

फार पूर्वी हे पाणी बर्फासारखं होतं, असं सांगतात. थंडोबाही तेव्हा ताठ उभा होता. गावात द्राक्षाचा वेल एकच. तो कुणा गोसाव्यानं देवळामागं लावला होता म्हणे. माघी पुनवेला त्या वेलाचा पहिला रस काढायचा आणि त्याच दिवशी देवाला वाहायचा, असा नेम होता. रस काढायचा गुरवाच्या बायकोनं, वाहायचा गुरवानं.

गुरवाच्या बायकोचं नाव धुरपदा. गुरवाचं नाव आत्ताच सांगत नाही, त्याला कारण आहे.

त्या वर्षी धुरपदेनं रस काढला, मडकं भरलं, नवऱ्याच्या हाती दिलं. पण त्याच दिवशी पलीकडच्या गावात त्याच्या मामाच्या घरी लग्न होतं आणि गाडी दारात उभी होती. आल्यावर वाहू, एवढं काय, असं म्हणून त्यानं मडकं देवळामागच्या कडब्यात खुपसलं आणि गेला. लग्न एक दिवसाचं, हा राहिला आठ दिवस. जेवण चांगलं होतं म्हणे.

आठव्या दिवशी धुरपदा कडबा काढायला गेली तर आतून आवाज. खदखद, खदखद. तिनं मडकं बाहेर ओढलं. वर फेस, आत बुडबुडे, आणि खाली हात लावून बघते तर ना निखारा ना राख. ती तशीच पळत चावडीवर गेली. "चला लवकर! रस कढतोय, आणि खाली जाळ नाही!"

चावडी हसली. आता वायनरीत मोठमोठ्या टाक्यांत हेच होतं, तुम्ही पैसे देऊन बघायला जाता आणि तिथली पोरगी त्याला इंग्रजी नाव सांगते. धुरपदेच्या वेळी त्याला नाव नव्हतं. नाव नव्हतं म्हणून ती चोरी ठरली.

पाटलानं बोट बुडवून चाटलं. "हे गोड कुठाय? देवाचा रस ही पिऊन बसली आणि त्यात काहीतरी भलतंच भरलं." दुसरा पंच म्हणाला, मलाही बघू द्या. तिसरा म्हणाला, एका घोटानं नीट कळत नाही. पाचही पंचांनी मडक्याची अशी कसून चौकशी केली की ते अर्ध्यावर आलं आणि पंचांचा आवाज दुप्पट झाला.

तेवढ्यात नवरा लग्नाहून परतला. पोट पुढं, तोंडात विडा. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी तर हिलाच सांगून गेलो होतो, तू वाहा म्हणून."



निकाल झाला. धुरपदेनं कुंडात उभं राहून शपथ घ्यायची. खरी ठरली तर ठीक. खोटी ठरली तर ते मडकं तिच्या पाठीला बांधून तिला शिवेबाहेर घालवायचं, पुन्हा गावात पाऊल टाकायचं नाही.

सगळा गाव कुंडावर आला. पंच गुडघाभर पाण्यात उतरले. एरवी त्या गारठ्यात कुणी पायाचा अंगठा बुडवत नसे, पण त्या दिवशी त्यांना थंडी वाजत नव्हती म्हणे. मधोमध धुरपदा उभी राहिली, हात जोडले आणि बोलली, "थंडोबा, विस्तवाशिवाय रस कढला हे खरं असेल तर विस्तवाशिवाय तुझंही पाणी कढू दे."

गाव बघत राहिला. पाणी होतं तसंच गार.

पाटील हसला. "बांधा मडकं."

"थांबा," गर्दीतून धुरपदेची सासू म्हणाली. म्हातारीला दिसत कमी होतं, कळत सगळं होतं. "शपथ अर्धीच झाली. अपराधी कोण, ते बोलली कुठं ती?"

"बोल," पाटील म्हणाला. "रस कुणी नासवला?"

"ह्यांनी."

"ह्यांनी म्हणजे कुणी?"

"आमच्या घरच्यांनी."

"घरी तर सासूपण आहे!" पाटील म्हणाला आणि पंच एकमेकांना धरून हसले. "नाव घे नाव!"

इथंच खरी अडचण होती. नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तेव्हा मानत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, नंतर जन्मभर अहो आणि हे. नवऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. तो काठावर बसून विडा चघळत होता, जिभेच्या टोकानं दातातली सुपारी काढत होता.

धुरपदेनं एकदा पाठीकडं बघितलं, जिथं मडकं बांधणार होते. एकदा काठावरच्या त्या पोटाकडं बघितलं. असं सांगतात की ती हळूच म्हणाली, "आयुष्य थोडं कमी झालं तरी चालेल, खाऊन झालंय बरंच."

मग म्हणाली, "घेते. उखाण्यात घेते, म्हणजे रीतही मोडायची नाही." आणि कमरेवर हात ठेवून तिनं उखाणा घेतला. नावापुढं ना राव लावलं, ना जी-हुजूर केलं.

शेवटचा शब्द तोंडातून सुटला आणि पाणी बोललं. खदखद. वाफेचा लोट उठला. धुरपदा तशीच उभी, तिला पाणी कोमट लागलं म्हणे. पंच मात्र धोतरं सोडून काठावर उड्या मारत होते. पाटलानं घाबरून उरलेला रस थंडोबावर ओतला, आणि रस पोटात गेला तसा देव जो एका अंगाला कलंडला तो पुन्हा सरळ झाला नाही.

आयुष्य काही कमी झालं नाही. नवरा नव्वद वर्षं जगला. पण रोज सकाळी त्याच्या कानावर कुंडावरनं आपलंच नाव पडायचं, कारण गावानं नेम केला की धुरपदेच्या उखाण्यात अपराध्याचं नाव घेतल्याशिवाय पाण्यात पाय टाकायचा नाही. आमचे हे कुरकुरतात, माझ्या पूर्वजाची रोज कशाला बेअब्रू करतेस. मी म्हणते, ज्याला बेअब्रू नको त्यानं वेळेवर काम करावं.

आजही कुंड कढतंय आणि थंडोबा कलंडलेलाच आहे. पहिला रस निघाला की वायनरीचा साहेबसुद्धा त्याच दिवशी मडकं घेऊन धावत येतो, लग्न असो की काही असो. त्या भाजलेल्या पाहुण्याची बायको मला विचारत होती, उखाण्यात माझ्या नवऱ्याचं नाव घालू का? म्हटलं, बाई, तुमचं घरी जाऊन घ्या, इथं एकच नाव चालतं. मग ती पायरीवर उभी राहिली, कमरेवर हात ठेवला, आणि मी सांगितलं तसं खणखणीत म्हणाली,

"पानात वाढली पोळी, वाटीत वाढली भाजी,
मडकं विसरून मांडवात बसला तुळाजी!"