म्हातारदेश, तरुणगड आणि केरबाचं मत

बोरठेंग नावाच्या गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती, ते आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं तुम्हाला खरं वाटायचं नाही. कुणी "आत या" म्हटलं की तो आत जायचा आणि "बसा" म्हणेपर्यंत उभा राहायचा. एकदा एका घरी बसा म्हणायला विसरले. केरबा दुपारभर उभा. शेवटी कंटाळून घरधनी म्हणाले, "बरंय, या मग." केरबा दोन पावलं आणखी आत आला.

हा केरबा थोरल्या बहिणीकडे राहायचा. तिचं नाव द्वारका आक्का. घरात आक्का, आक्काचा नवरा म्हणजे केरबाचे दाजी, आक्काची सासू आणि केरबा. चार माणसं, चार मतं.

मतांचं सांगतोय, कारण त्या वर्षी आक्का सरपंचपदाला उभी राहिली होती. गाव आणि शाळा यांच्या मधून ओढा जायचा आणि ओढ्यावर साकव नव्हता. पावसाळाभर पोरं दप्तर डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून शाळेत जायची. आधीचे सरपंच रंगराव पंधरा वर्षं खुर्चीवर होते. साकवाच्या भूमिपूजनाचे त्यांनी पाच नारळ फोडले होते. साकव मात्र कुणाला दिसला नव्हता. आक्काला याचा मनापासून संताप होता. मला विचाराल तर मलाही आहे.

गावात मतं एकशे एक. सत्तर आक्काची, एकतीस रंगरावांची. हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगत होतं. पण आक्काला खात्री हवी होती. तालुक्याला अवसरे गुरुजी राहायचे. ते निवडणुकीचे अंदाज सांगायचे. आक्का केरबाला म्हणाली, "जा, त्यांच्याकडनं अंदाज कसा काढतात ते शिकून ये. आणि शिकशील ते इसरू नगं. गावात पहिला जो माणूस भेटंल, त्याच्यावर करून बघ."

अवसरे गुरुजी मोठे हुशार. पूर्वी ते खऱ्या राज्यांचे अंदाज सांगत. ते चुकायचे. लोक हसायचे. मग गुरुजींनी मनातली राज्यं घेतली. तिथली माणसं त्यांनीच ठरवायची, तिथलं मतदानही त्यांनीच घ्यायचं. तेव्हापासून त्यांचा एकही अंदाज चुकला नव्हता.

गुरुजी म्हणाले, "कोण राहतं ते कळलं की मत कुणाला ते कळतं. डोळे मीट. एक राज्य बघ. दिसलं?"

केरबाने डोळे मिटले. "दिसलं गुरुजी. पण तिथं लाइट गेलीय."

"असू दे. त्या राज्याचं नाव म्हातारदेश. शंभरातली नव्वद माणसं सत्तरीच्या पुढची. दोन उमेदवार आहेत. एक म्हणतो, कारखाना आणतो. दुसरा खाली बसतो, मतदाराच्या गुडघ्यावर हात ठेवतो आणि विचारतो, 'गुडघा कसा आहे?' कोण निवडून येईल?"

"गुडघ्यावाला."

"शाब्बास!"

केरबा खूश झाला. एवढं चांगलं राज्य एकदा बघून यावं म्हणून तो एसटी स्टँडवर गेला. कंडक्टरला म्हणाला, "एक म्हातारदेश द्या."

कंडक्टरही दिवसभराचा वैतागलेला. तो म्हणाला, "तिथं सवलतीचंच तिकीट चालतं. वय किती?"

"तीस."

"मग अजून पस्तीस वर्षांनी या."

केरबाने पस्तीस वर्षं लक्षात ठेवली आणि गावाकडे आला. गावाच्या तोंडालाच तालीम होती. तालमीच्या दारात हिंदुराव पैलवान अंगाला तेल लावत बसला होता. गावात पहिला भेटलेला माणूस हाच. आता एक गोष्ट सगळ्या बोरठेंगला ठाऊक होती. महिन्यापूर्वी जत्रेच्या कुस्तीत ऐन रंगात हिंदुरावचा गुडघा लचकला होता आणि तो चीतपट झाला होता. तेव्हापासून त्याच्यासमोर गुडघा हा शब्द कुणी उच्चारत नसे.

केरबा खाली बसला. त्याने पैलवानाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "गुडघा कसा हाय?"

तालमीतल्या जोर-बैठका थांबल्या. हिंदुराव लाल झाला. केरबाला वाटलं, ऐकू गेलं नसेल. म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं. तो पैलवानाच्या कानाशी ओरडला, "गुडघा! गुडघा कसा हाय?"

हे ओरडणं पार वेशीपर्यंत ऐकू गेलं. तालमीतली सहा मतं त्याच मिनिटाला रंगरावांकडे गेली.

आक्काने कपाळाला हात लावला. "अरं, पैलवान तरणाताठा माणूस! ते म्हाताऱ्यांचं हाय, तरण्यांचं नव्हं. जा, गुरुजींना सांग, तरण्यांचं काय असतंय ते शिकवा. आणि येताना तालमीकडं फिरकू नगंस."

केरबा पुन्हा गेला. गुरुजी म्हणाले, "डोळे मीट. हे राज्य तरुणगड. लाइट आहे का?"

"न्हाई."

"असू दे. शंभरातली नव्वद माणसं पंचविशीच्या आतली. एक उमेदवार जुन्या आठवणी सांगत बसतो. दुसरा म्हणतो, 'शंभर वर्षं जगा आणि पुढचं बघा!' कोण निवडून येईल?"

"शंभर वर्षंवाला."

"शाब्बास!"

केरबा येताना तालमीकडे फिरकला नाही. आक्काने सांगितलं होतं. तो मागच्या वाटेने आला. मागच्या वाटेवर येसू आजोबांचं घर. आजोबा ओसरीवर बसले होते आणि घरात गडबड चालली होती. केरबाने विचारलं, "काय कार्यक्रम?"

सून म्हणाली, "मामंजींना आज नव्व्याण्णव पुरी झाली."

केरबाने वाकून नमस्कार केला आणि मोठ्या मनाने म्हणाला, "आजोबा, शंभर वर्षं जगा!"

आजोबा आधी हसले. मग त्यांनी बोटं मोजली. मग त्यांचं हसू गेलं. "म्हंजे मला एकच वरीस दिलंस व्हय रं?"

"आन पुढचं बघा," केरबा म्हणाला.

"पुढचं काय बघू? माझी तिरडी?"

आजोबांनी काठी उगारली. ती काठी नव्व्याण्णव वर्षांच्या हाताने मारली होती, तरी केरबाच्या पाठीवर आठ दिवस वळ होता. त्या घरातली चार मतं गेली. आजोबा रागाने काहीतरी बडबडत होते, ते कुणाला कळलं नाही, पण आक्काला द्यायचं नाही एवढं सगळ्यांना कळलं.

राहिली साठ. आक्काने या खेपेला दोन्ही हात कपाळाला लावले. "आता ऐक. कुठल्याच बाप्याच्या वाटंला जाऊ नगंस. पैलवान न्हाई, म्हातारा न्हाई, कुणी न्हाई! आणि त्या गुरुजींना सांगून ये की आमच्या गावात हे चालत न्हाई."

केरबाने जाऊन तसंच सांगितलं. गुरुजी जरासे दुखावले. हुशार माणसं अशाने दुखावतात आणि मग दुप्पट शिकवतात. "वयावर जमत नसेल तर धंद्यावर बघू. डोळे मीट. हे भातपूर. नव्वद टक्के लोक भातवाले. एक उमेदवार म्हणतो, रस्ता करतो. दुसरा म्हणतो, रोज पाऊस पाडतो. कोण निवडून येईल?"

"पाऊसवाला. पर गुरुजी, पाऊस पाडतो कसा?"

"पाडत नाही रे. नुसता म्हणतो."

केरबाला हे पटलं नाही. नुसतं म्हणायचं म्हणजे खोटं बोलायचं. आक्काच्या नावाने खोटं बोलायला तो तयार नव्हता. केरबा भोळा होता, पण मनाने सच्चा होता, आणि त्यामुळेच पुढचं सगळं झालं.

गावात आला. बाप्याच्या वाटेला जायचं नव्हतं. समोर देवळाच्या पटांगणात बचत गटाच्या नऊ बायकांनी पापड वाळत घातले होते. चार दिवसांचं काम. मोठी ऑर्डर. साड्यांवर, चटयांवर, खाटांवर, जिकडे बघाल तिकडे पापड. या नऊ जणी म्हणजे आक्काच्या खास मैत्रिणी. आक्कासाठी घरोघर हळदीकुंकू घेऊन फिरलेल्या.

केरबा हापशाच्या कट्ट्यावर चढून म्हणाला, "बायांनो, आक्का निवडून आली की रोज पाऊस!"

इंदूबाई दचकली. "काय बोलतुयास रं मेल्या? पापड वाळायचं हाईत."

"नुसतं म्हनत न्हाई. दाखवतो." केरबाने हापशावरची बादली भरली आणि नमुना म्हणून पहिली चटई भिजवली. बायका किंचाळल्या. आनंदाने किंचाळल्या असं केरबाला वाटलं, म्हणून त्याने आणखी सहा बादल्या नमुना दिला.

"ही एका दिवसाची. अशी रोज!"

नऊ बायका लाटणी घेऊन त्याच्या मागे धावल्या. केरबा धावता धावता मागे वळून हात जोडत होता, "कढईवर शिक्का, बायांनो, कढई!" कढई हे आक्काचं चिन्ह. रंगरावांचं नारळ. बायकांनी नारळाची शपथ घेतली.

राहिली एक्कावन्न. रंगरावांची पन्नास.

आक्का तीन दिवस पायाला भिंगरी लावून फिरली. पैलवानाच्या पाया पडली, आजोबांना शाल दिली, बायकांबरोबर बसून पापड लाटले. कुणी मानलं नाही. पण उरलेल्या पन्नास जणांनी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. पोरांचा साकव त्यांनाही हवाच होता. तिचं स्वतःचं धरून एक्कावन्न. जिंकायला तेवढी पुरत होती.

आक्काने केरबाला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "केरबा, तू माझा भाऊ हाईस. माझा तुझ्यावर जीव हाय. पर आता घराभायेर काय म्हंजे काय करायचं न्हाई. शिकलास ते घरातल्या घरात कर. आणि शेवटचं एकदा गुरुजींना इचारून ये, एक्कावन्नात भागतंय का?"

गुरुजींनी आकडे ऐकले आणि म्हणाले, "भागतं की. पण काठावर आहे. डोळे मीट."

"मिटलं. लाइट आलीय गुरुजी!" केरबा उन्हात बसला होता.

"उत्तम. हे राज्य चौघर. इथं प्रत्येक घरात चार माणसं. घरातलंच एक माणूस निवडणुकीला उभं आहे. त्याला घरातली किती मतं पडतील?"

"चार."

"चूक! तीन. चारांत एक फुटतो. माझा तीस वर्षांचा अभ्यास आहे. चारांचं घर असेल तर एक फुटतोच. न फुटलेलं घर मी पाहिलेलं नाही. फुटला नाही तर माझं नाव बदलीन."

केरबा घाबरला. आक्काचं घर चारांचं होतं.

घरी येऊन तो कामाला लागला. घराबाहेर काही केलं नाही. सगळं घरातल्या घरात. आधी दाजींना गाठलं. "दाजी, तुमी फुटनार काय?"

दाजी भाकरी खात होते. त्यांचा घास अडकला. "अरं, बायकूला मत देऊ नगं तर कुणाला देऊ? मला ह्याच घरात जेवायचं हाय."

मग सासूबाई. "आत्ती, तुमी तर फुटालच. आक्काचं आणि तुमचं कुठं पटतंय?"

सासूबाई म्हणाल्या, "न्हाई पटत. तिच्या हातची आमटी मला गोड लागत न्हाई. पर ती बाई पोरांसाठी जीव टाकती. माझं मत तिलाच. आणि पुन्यांदा इचारलंस तर लाटणं बघ."

केरबाने आक्कालाच विचारलं, "आक्का, तू तरी?"

आक्काने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

केरबाला रात्री जेवण गेलं नाही. दाजी नाही, आत्ती नाही, आक्का नाही. गुरुजींचा तीस वर्षांचा अभ्यास. गुरुजी किती मायेने शिकवायचे. म्हातारदेश बरोबर निघाला, तरुणगड बरोबर निघाला, भातपूर बरोबर निघाला. चौघर चुकलं तर म्हाताऱ्या माणसाला या वयात नाव बदलावं लागेल. केरबाला फार वाईट वाटलं.

मतदानाचा दिवस उजाडला. एकशे एक माणसं आली. येसू आजोबांना खाटेवरून आणलं. हिंदुराव लंगडत आला आणि कुणी बघत नाही ना ते बघत आला. दाजी आत गेले, पटकन बाहेर आले. सासूबाई गेल्या, पटकन आल्या. आक्का देवाचं नाव घेऊन गेली आणि आली. केरबा आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा बोटाला शाई होती, डोळे ओले होते आणि चेहऱ्यावर मोठं काम केल्याचं समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला मोजणी झाली. साहेब बाहेर आले आणि त्यांनी वाचून दाखवलं. नारळ एक्कावन्न. कढई पन्नास.

रंगरावांची माणसं नाचायला लागली. आक्का कचेरीच्या पायरीवर बसली. तिने कुणाला दोष दिला नाही. फक्त तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, कारण तिला दप्तर डोक्यावर घेतलेली पोरं दिसत होती. दाजी तिच्या शेजारी बसले. सासूबाईंनी पहिल्यांदाच तिच्या पाठीवरून हात फिरवला. पन्नास जणांनी हातावर हात ठेवला होता. एकच मत. कुणाचं?

इतक्यात गर्दीतून केरबा धावत आला. अंगभर गुलाल. हातात पेढ्याचा पुडा. त्याने आधी गुरुजींना पेढा भरवला होता, आता आक्काला भरवायला आला होता.

"आक्का, बरोबर निघालं! चौघर बरोबर निघालं! एका मताचासुद्धा फरक न्हाई!"

आक्काने मान वर केली. "केरबा," ती हळूच म्हणाली, "घरातलं फुटलं कोन?"

"कुणीच फुटंना गं," केरबा घाम पुसत म्हणाला. "सगळ्यांना इचारून बघितलं. शेवटी मलाच फुटावं लागलं."