राणीच्या खिडकीसमोरची भिंत

फार जुनी गोष्ट आहे. एका राजाची राणी आजाराने अंथरुणाला खिळली. तिने अन्न सोडलं. सारखं एकच म्हणे, "मला माझं माहेरचं गाव दाखवा." गाव डोंगरापलीकडे, आणि तिला पालखीत बसण्याइतकंही त्राण नव्हतं.

राणीच्या खिडकीसमोर, चौकापलीकडे, एक उंच भिंत होती. राजाने एका चिताऱ्याला बोलावलं. "या भिंतीवर तिचं गाव काढ. पण लवकर. वैद्यांनी हात टेकलेत."

हा चितारी ठिपक्यांनी चित्र काढी. रंग कालवायचे नाहीत; पिवळ्या ठिपक्याशेजारी निळा ठिपका ठेवायचा, की लांबून हिरवं शेत दिसे. जवळून मात्र नुसता गोंधळ! म्हणून तो भिंतीला बांधलेल्या परांचीवर चढे आणि त्याची बायको राणीच्या खिडकीबाहेर सज्जात उभी राहून सांगे, "अहो, शेतात निळा कमी पडतोय!"

परांचीखाली दरबारी जमले. त्यांना दुसरं काम काय? एक म्हणाला, "वा, शेतं कशी सोन्यासारखी! त्यात निळं कशाला?" दुसरा हसला, "बायको सांगते म्हणून!"

चिताऱ्याला ते झोंबलं. तो ओरडला, "कुंचला माझ्या हातात आहे. तू घरी जा." ती गेली.

चित्र झालं. राणीच्या खिडकीचा पडदा सरकवला. चित्रालाच खरं गाव समजून राणी किंचाळली, "माझं गाव करपलं! शेतं वाळली! मला कुणी कळवलं का नाही?" तिने पाठ फिरवली आणि पाणीही नाकारलं.

राजा म्हणाला, "चिताऱ्या, तिला काही झालं तर मी तुला सोडणार नाही." स्तुती करणारे केव्हाच पसार झाले होते.

चितारी धावत घरी गेला. "चुकलो. चल, तू सांगशील तसं करतो."

"मी तुमच्यासाठी येत नाही," बायको म्हणाली. "ती बाई तिकडे उपाशी आहे."

पडदा पुन्हा ओढला गेला. ऊन उतरू लागलं. आत राणीची नाडी मंदावत होती.

"निळा लावा. अजून!" सज्जातून बायको ओरडली.

"अगं, सगळं बिघडेल!" त्याला समोर फक्त निळे डाग दिसत होते.

"बिघडू दे. लावा."

त्याने लावले. डोळ्यांना पटत नव्हतं, तरी ती थांब म्हणेपर्यंत लावत राहिला.

दासीने पडदा सरकवला, राणीला धरून वळवलं. राणीची नजर भिंतीवरच्या शेतांवरून फिरत राहिली. राजाने श्वास रोखला.

मग ती हळूच म्हणाली, "पीक उभं आहे गं. म्हणजे घरी सगळे पोटभर जेवत असतील." थोडं थांबून म्हणाली, "मलाही वाटीभर पेज दे."

सज्जातून बायकोने हात हलवला. परांचीवर चितारी ढसाढसा रडला. चित्र कसं झालं, हे त्याने अजून पाहिलंही नव्हतं.

तात्पर्य एवढंच: जवळ उभं राहून वाहवा करणारे पुष्कळ मिळतात, पण आपल्याला न दिसणारं लांबून पाहून खरं सांगणाऱ्या माणसाला घरी पाठवू नये.